केक मिक्समधून अंडी आणि तेल दोन्ही एकदम काढू नका

तुम्ही लिहिले आहे की घरी शनिवारी वाढदिवस आहे, सासूबाई अंडे खात नाहीत आणि सासऱ्यांना डॉक्टरांनी तेल-तूप बेताने खायला सांगितले आहे, म्हणून यलो केक मिक्सच्या बॉक्सवर सांगितलेली तीन अंडी आणि अर्धा कप तेल दोन्ही वगळून तुम्ही सव्वा कप अ‍ॅपलसॉस (सफरचंदाचा शिजवलेला गर) घातला. केक वरून सोनेरी झाला, पण आत दडस निघाला आणि तळाशी शिऱ्यासारखा चिकट थर बसला. सुरुवातीला माझाही केक अगदी असाच बिघडला होता, त्यामुळे तुमच्या ओव्हनमध्ये काही दोष असेल असे मला वाटत नाही.

अंडी आणि तेल यांची कामे वेगवेगळी आहेत. अंड्यातली प्रथिने उष्णतेने घट्ट होतात आणि बेकिंग पावडरमुळे तयार झालेले बुडबुडे धरून ठेवतात. बलकातले लेसिथिन तेल आणि पाणी एकजीव ठेवते. तेल मैद्याच्या कणांना माखते, त्यामुळे ग्लुटेन, म्हणजे मैद्यातले चिवट प्रथिन, फार ताणले जात नाही आणि घास मऊ लागतो. सफरचंदाचा गर ओलावा आणि गोडवा देतो, पण तो स्निग्धही नाही आणि अंड्यासारखा घट्टही होत नाही. दोन्ही पदार्थांच्या जागी एकटा गर घातला की मिश्रणात पाणी उरते आणि त्याला सावरणारे काही उरत नाही.

अंडे तुमच्याकडे चालणारच नाही, तेव्हा थोडे तेल राहू द्यावे असे मी आग्रहाने सांगेन. अर्ध्या कपाऐवजी पाव कप तेल आणि पाव कप अ‍ॅपलसॉस घ्या. पाव कप म्हणजे बारा लहान चमचे, म्हणजे केकचे बारा तुकडे केले तर प्रत्येकात एकच चमचा तेल येते. हे गणित सासऱ्यांना दाखवा. त्यांनाही ते पटेल असे मला वाटते.

अंड्यांच्या जागी मी नेहमी दही वापरते. एका अंड्याला पाव कप, म्हणजे तीन अंड्यांना पाऊण कप दही घ्यावे. ते ताजे आणि घट्ट असावे. घरचे असेल तर फडक्यात पंधरा-वीस मिनिटे टांगून ठेवावे. त्यात पाव चमचा खाण्याचा सोडा घालून ढवळले की दही वाटीतच हलके फुगते आणि कान जवळ नेला तर बारीक चुरचुर ऐकू येते. तेवढ्यात ते कोरड्या मिश्रणात ओतावे, कारण हा वायू फार वेळ टिकत नाही. दह्यातही बरेच पाणी असते, म्हणून बॉक्सवर सांगितलेल्या एक कप पाण्यातून दोन-तीन मोठे चमचे कमी करावेत.

बॉक्सवर दोन मिनिटे बीटरने फेटायला सांगितलेले असते, ते येथे करू नये. अंड्याशिवाय जास्त फेटले की केक चिवट होतो. कोरडे पीठ दिसेनासे झाले की थांबावे. भांडे ९ बाय १३ इंचांचे, उथळ घ्यावे. बंट केकच्या खोल, मधे भोक असलेल्या साच्यात बिनअंड्याचा केक आतून कच्चा राहतो. ३५० अंश फॅरनहाइटवर बॉक्समधल्या वेळेपेक्षा पाच-आठ मिनिटे जास्त लागू शकतात. सुई कोरडी निघायला हवीच, शिवाय मध्यभागी बोटाने हलके दाबल्यावर खळगा भरून यायला हवा. माझा विश्वास या दुसऱ्या खुणेवर अधिक आहे.

इतर पर्यायांपैकी तीन मोठे चमचे पाण्यात भिजवलेली एक मोठा चमचा जवसाची पूड एका अंड्याचे काम करते, पण ती चॉकलेट केकलाच शोभते; पिवळ्या केकमध्ये तपकिरी ठिपके दिसतात. केळ्याची चव लपत नाही. नुसत्या कोरड्या मिश्रणात सोडा म्हणजे फसफसणाऱ्या थंड पेयाचा ३५५ मिलिलिटरचा कॅन ओतूनही केक होतो, मात्र तो फार ठिसूळ असतो, वाढदिवसाला नीट कापता येत नाही. लाल भोपळ्याचा गर स्पाइस केकमध्ये उत्तम लागतो. घारगे आवडणाऱ्या सासूबाईंना तो आवडावा.

एक गोष्ट मात्र बॉक्स विकत घेतानाच पाहावी. एंजल फूड केकच्या मिश्रणात अंड्याच्या पांढऱ्याची पूड आधीपासूनच असते, आणि इतर मिश्रणांतही ती नसेलच असे गृहीत धरू नये. पिट्सबर्गच्या डफ कंपनीला १९३३ साली ज्या मिश्रणाचे पेटंट मिळाले, त्यातही सुके अंडे होते. म्हणून सासूबाईंसाठी घटकांची यादी आणि तिच्याखालची अ‍ॅलर्जीची ओळ दोन्ही वाचा.

वाढदिवस शनिवारी आहे, तर केक शुक्रवारी संध्याकाळी भाजा. भांड्यातच वीस-पंचवीस मिनिटे निवू द्या. गरम असताना काढला तर तो कडेने तुटतो. पूर्ण गार झाल्यावर झाकून ठेवा. दह्याचा केक रात्रभरात छान मुरतो आणि सकाळी सुरीला न चिकटता कापला जातो.