रुफियाचा खरा भाव कोणता?

प्रश्न : माझी मुलगी मालदीवच्या एका बेटावर शाळेत शिकवते. पगार १८,००० रुफिया. सरकारी दर डॉलरला १५.४२, पण बँक महिन्याला थोडेच डॉलर देते. उरलेले ती बाहेरून साडेअठराने घेते. रुफिया एवढा महाग धरून ठेवलाय, तर सरकार त्याचं अवमूल्यन का करत नाही? तिने तिथे राहावं का?
– एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, आधी तुमचा हिशेब मांडते. १८,००० रुफियांचे सरकारी दराने १,१६७ डॉलर होतात, साडेअठराने ९७३. लेकीचा खरा पगार या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी आहे.

अवमूल्यन याआधी झालंय. २००१ पासून डॉलर १२.८० वर बांधलेला होता. एप्रिल २०११ मध्ये १२.८५ हा मध्य धरून दोन्ही बाजूंना वीस टक्क्यांची मुभा दिली, आणि रुफिया थेट सगळ्यात स्वस्त टोकाला, डॉलरला १५.४२ वर जाऊन बसला. त्या सुमारास मी वाशीत बँकेच्या परकीय चलनाच्या काउंटरवर होते. मालेहून सुट्टीवर आलेले एक मास्तर रुफियांच्या नोटा घेऊन आले. आम्ही त्या घेतच नव्हतो. त्यांनी एकेक नोट सरळ करून पुन्हा पासपोर्टात ठेवली. त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही.

आपला रुपया उतरला की भिवंडीच्या कापडाला, देवगडच्या हापूसला बाहेर थोडं बळ मिळतं. मालदीवकडे विकायला काय आहे? खोल्या आणि ट्यूना मासा. दोन्हींचा भाव आधीच डॉलरमध्ये. रुफिया पडला म्हणून रिसॉर्टची खोली स्वस्त होत नाही. उलट तांदूळ, कांदा, औषधं, डिझेल, सगळं बोटीने येतं, ते त्याच दिवशी महागतं. २०२४-२५ साठी भारताने त्यांना दहा लाख टन नदीची वाळू न्यायची परवानगी दिली होती. चहूबाजूंनी वाळू असलेला देश बांधकामाची वाळू आपल्याकडून नेतो! अशा ठिकाणी अवमूल्यनाने निर्यात फारशी वाढत नाही, लोकांचं ताट मात्र लहान होतं. म्हणून सरकार कचरतं, आणि मला ते पटतं.

मग दर बरोबर आहे का? नाही. पण दुखणं पर्यटन मागे पडल्याचं नाही. २०२४ मध्ये वीस लाखांवर पाहुणे आले. सरकारचा खर्च आणि कर्जाचे हप्ते मिळकतीच्या पुढे गेलेत, आणि रिसॉर्टांचे बरेच डॉलर देशातल्या बँकांत येतच नव्हते. ते ठरावीक प्रमाणात बँकेत मोडायची सक्ती २०२४ मध्ये आली. त्याच वर्षी ऑक्टोबरात आपल्या रिझर्व्ह बँकेने ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांच्या चलन अदलाबदलीचा करार करून हात दिला. देशाची डॉलरची गंगाजळी आटली की आधी बँकेचा कोटा आटतो, मग बाहेरचा भाव चढतो. तुम्ही छापील दराऐवजी कोटा आणि बाहेरचा भाव, हे दोन आकडे बघत जा.

नोकरी तिला आवडत असेल तर लगेच सोडायला सांगू नका. मात्र करार नव्याने होताना निम्मा तरी पगार डॉलरमध्ये मागू दे. नाही मिळाला, तर ९७३ डॉलर धरून घरखर्च बसतो का ते बघा. शिल्लक रुफियात साठवू नये. आणि हवालावाल्याकडे तर अजिबात जाऊ नये. पैसे अडकले तर दाद मागायला जागा नसते. बँकेचा कोटा कितीही छोटा असो, तो दर महिन्याला पहिल्याच आठवड्यात उचलायला सांगा.