अमेरिकेत तिसरा पक्ष का जिंकत नाही, आणि त्याचा तिच्या जागतिक ताकदीवर परिणाम होतो का?

नियमच असे आहेत की तिसऱ्याला दिलेलं मत बहुतेक वेळा वाया जातं म्हणून तो जिंकत नाही, आणि हो, परिणाम होतो, पण लोक म्हणतात तेवढा नाही. बहुतेक राज्यांत ज्याला सगळ्यात जास्त मतं त्याला तिथले सगळे इलेक्टर (राष्ट्राध्यक्ष प्रत्यक्ष निवडणारे राज्याचे प्रतिनिधी), बाकीच्यांना भोपळा (मेन आणि नेब्रास्का तेवढे वेगळे). १९९२ ला अपक्ष उमेदवार रॉस पेरोंना देशभरात जवळजवळ १९ टक्के मतं पडली आणि इलेक्टर मिळाले शून्य, आता बोला. २००० मध्ये तर फ्लोरिडात रिपब्लिकन बुश डेमोक्रॅट अल गोर यांच्या फक्त ५३७ मतांनी पुढे राहिले आणि तिथेच तिसऱ्या, ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर ९७ हजारांवर मतं घेऊन गेले होते, तेव्हापासून मतं फुटायची भीती लोकांच्या डोक्यातून जातच नाही. बाहेरच्या जगाला त्रास वेगळाच आहे, सत्ता डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन या दोघांतच फिरते आणि दोघांचं पटत नाही त्यामुळे आधीच्याने केलेलं नंतरचा पुसतो: इराणचा अणुकरार २०१५ ला केला, २०१८ ला सोडला, पॅरिस हवामान करारातून २०२० ला बाहेर, २०२१ ला परत आत, २०२५ ला पुन्हा बाहेर पडायचा आदेश. अशा शब्दावर दहा वर्षांचं प्लॅनिंग कोण करणार? फक्त चीन वर आला तो यामुळे नाही, २००१ ला डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) गेल्यावर त्यांची निर्यात जी वाढली ती वॉशिंग्टनमध्ये पाच पक्ष असते तरी वाढलीच असती.