छोट्या कारखान्याने परिसरासाठी काही करायचं ठरवलं, तर पैसे द्यावेत की माणसं?

तुम्ही लिहिलंय की कारखान्यात शंभरेक कामगार आहेत, मालकांना आसपासच्या लोकांसाठी मनापासून काही करायचंय, पण देणगी द्यावी की कामगारांनी स्वतः जाऊन काम करावं हे ठरत नाहीये. मी एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे, आमच्याकडचा हा उपक्रम सुरुवातीपासून बघतोय. माझं म्हणणं एवढंच, की तुमच्या हातांना जे काम रोज येतं तेच द्या, आणि वर्षातून एकदा धूमधडाक्यात देण्यापेक्षा वर्षभर थोडं थोडं द्या.

हे आम्ही रक्तदानातून शिकलो. पहिल्या वर्षी वर्धापनदिनाला सगळ्यांचं एकदमच शिबिर घेतलं. नंतर रक्तपेढीच्या डॉक्टरबाईंनी समजावलं की तांबड्या पेशी थंडीत ठेवूनही, पिशवीतल्या द्रावणाप्रमाणे, ३५ किंवा ४२ दिवसच टिकतात. प्लेटलेट्स तर साधारण ५ दिवस, आणि त्यासुद्धा २० ते २४ अंशांवर सतत हलत्या ठेवाव्या लागतात. म्हणजे एकाच दिवशी ढीगभर पिशव्या आल्या तरी दोन महिन्यांनी येणाऱ्या पेशंटला त्यातल्या तांबड्या पेशी किंवा प्लेटलेट्स मिळत नाहीत. आता आम्ही दर तीन महिन्यांनी एकेका विभागाला पाठवतो. एक गोष्ट मात्र सांभाळा: रक्त दिलेल्या माणसाला त्या दिवशी उंचावर, क्रेनवर किंवा प्रेसवर उभं करायचं नाही. शिबिर पाळी संपताना ठेवा, आणि दात्याला घरी जाऊ द्या.

दुसरं काम माझ्या जास्त जिव्हाळ्याचं, व्हीलचेअर दुरुस्तीचं. अपंगांच्या एका वसतिगृहात आम्ही धान्य द्यायला गेलो होतो. कोपऱ्यात आठ-नऊ खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या दिसल्या. विचारलं तर म्हणाले, बिघडल्यात. मी एक उलटी केली. पुढच्या छोट्या चाकाच्या आसाला केस आणि दोरे इतके घट्ट गुंडाळले गेले होते की चाक फिरतच नव्हतं. ब्लेडने ते कापून काढले, बेअरिंग बदललं, ग्रीस भरलं, ब्रेकचा सैल झालेला नट आवळला. अर्ध्या तासात खुर्ची चालू! तिथल्या एका मुलीने लगेच ती ताब्यात घेतली आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत एकटी जाऊन आली. तेव्हापासून महिन्यातल्या एका शनिवारी आमचे दोन फिटर आणि एक वेल्डर तिथे असतात. ज्या दुरुस्तीसाठी संस्थेला माणूस शोधत फिरावं लागतं, ती आमच्या पोरांच्या हातचा मळ आहे.

तो शनिवार भरपगारी असतो, आणि यावर मी कायम अडून बसतो. सुट्टीच्या दिवशी बोलावून हजेरी घेतली तर ती वेठबिगारी झाली. तसंच, कामगाराला न विचारता पगारातून देणगी कापू नका. त्याच्या घरी काय चाललंय ते आपल्याला ठाऊक नसतं.

पैसेही द्याच, ते कमी दर्जाचं देणं नाही. फक्त वीजबिल, मदतनिसांचा पगार, औषधं असल्या रोजच्या खर्चासाठी द्या. नव्या खोलीवर नाव कोरायला देणगीदार मिळतात, बिलं भरायला फारसं कोणी पुढे येत नाही. रक्कम लहान असली तरी चालेल, पण दर महिन्याला ठरल्या तारखेला जाऊ द्या, म्हणजे त्यांना त्यावर विसंबून हिशेब मांडता येतो.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी कारखान्याला एक चक्कर मारा. कंत्राटी कामगारांना मास्क आणि हातमोजे मिळतात का, सांडपाणी कुठे जातं, रात्रपाळीचा आवाज शेजारच्यांना किती होतो, ते बघा. शेजाऱ्यांचं पहिलं देणं तेच आहे.

व्हीलचेअरसाठी आम्ही सोबत नेतो त्या सामानाची यादी हवी असेल तर सांगा, लिहून देतो.