ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा पावसाळ्यात का पेटतो?

पावसाळा लागल्यापासून आपल्या मोटारसायकलवर ट्रॅक्शन कंट्रोलचा, म्हणजे मागच्या चाकाची घसरण रोखणाऱ्या यंत्रणेचा, दिवा अधूनमधून पेटतो, तेव्हा या यंत्रणेवर विसंबावे की ती बंदच ठेवावी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ती चालू ठेवावी आणि दोष चाकाजवळ शोधावा.

दोन्ही चाकांजवळचे सेन्सर दातेरी रिंगवरून चाकाचा वेग मोजतात. मागचे चाक पुढच्यापेक्षा ठरावीक मर्यादेबाहेर जलद फिरू लागले, की ते घसरत आहे असे समजून गाडीतला संगणक प्रज्वलन मागे सारतो (म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो), इंधन तोडतो किंवा इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटलची झडप मिटवतो. अडचण वळणावर येते. गाडी कलली की टायर आपल्या कडेवर, म्हणजे कमी घेरावर चालतो, आणि पुढच्या व मागच्या टायरचा आकार वेगळा असल्याने घसरण नसतानाही दोन्ही वेगांत फरक पडतो. म्हणूनच महागड्या गाड्यांत कल मोजणारे जडत्वमापक असते. २०१५ च्या यामाहा आर-१ मध्ये ते सहा अक्षांचे, म्हणजे तिन्ही दिशांतले फिरणे आणि त्वरण मोजणारे होते.

व्हीलीच्या, म्हणजे पुढचे चाक हवेत उचलले जाण्याच्या, बाबतीत साध्या यंत्रणेची गल्लत होते, कारण उचललेल्या पुढच्या चाकाचा वेग मंदावतो आणि घसरणीतही नेमका तसाच फरक दिसतो. जडत्वमापक असले तर गाडीचे नाक किती वेगाने वर येत आहे हे थेट कळते, आणि चाक दाणकन आपटू नये म्हणून शक्ती हळूहळू कमी करता येते.

आता भरवशाविषयी. जडत्वमापकात झिजणारे असे काही नसते आणि ते बंदिस्त असते, त्यामुळे ते क्वचितच बिघडते. बिघाड होतो तो चाकाजवळ. गेल्या पावसाळ्यात चोर्ला घाट चढताना माझ्याही गाडीवर हा दिवा पेटला आणि त्याबरोबर एबीएसचाही (ब्रेक दाबताना चाक जखडू न देणारी यंत्रणा), कारण दोन्ही यंत्रणा तेच सेन्सर वापरतात. एका सर्व्हिस सेंटरने संपूर्ण मॉड्यूल बदलण्याचा सल्ला दिला. आमच्या गावच्या मेस्ताने, म्हणजे मेकॅनिकने, मात्र मागच्या सेन्सरचा कपलर (तारांचा जोड) उघडून दाखवला, तर त्याच्या पिनांवर हिरवा गंज चढलेला होता आणि रिंगच्या दातांत तांबडी माती घट्ट बसली होती. किनाऱ्याची खारी हवा आणि आपल्याकडचा चिखल यांपुढे कपलर उघडे ठेवणे महागात पडते. ते स्वच्छ करून आत डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहू देणारे, ओल रोखणारे ग्रीस) लावल्यापासून दिवा पुन्हा पेटलेला नाही.

टायर बदलताना कंपनीने सांगितलेलाच आकार घ्यावा, कारण घेर बदलला की संगणकाचे गणितच चुकते. गाडी स्टँडवर उभी करून मागचे चाक गिअरमध्ये फिरवले असेल, तर पुढचे चाक स्थिर असल्यामुळे पुष्कळ गाड्यांत हाच दिवा पेटतो. तो बिघाड नव्हे, आणि सहसा इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर तो जातो.

दोष आढळला की यंत्रणा स्वतःहून बाजूला होते आणि गाडी साध्या गाडीसारखी चालत राहते. अशा वेळी ओल्या रस्त्यावर एबीएसही नाही हे ध्यानात ठेवून ब्रेक हलका दाबावा. खोल चिखलातून किंवा वाळूतून गाडी काढताना मात्र मी स्वतः ट्रॅक्शन कंट्रोल बंद करतो, कारण तेथे चाक थोडे घसरल्याशिवाय गाडी पुढेच सरकत नाही आणि यंत्रणा नेमकी त्याच क्षणी शक्ती काढून घेते. डांबरी रस्त्यावर येताच ती पुन्हा चालू करतो. तरीही ती केवळ शक्ती कमी करू शकते. पुलाच्या ओल्या लोखंडी सांध्यावर टायरला पकड नसेल, तर ती निर्माण करणे तिच्या हाती नाही.