महाराष्ट्राचा संघ रणजी करंडक का जिंकत नाही?

आपला प्रश्न असा आहे की केदार जाधव, राहुल त्रिपाठी, ऋतुराज गायकवाड असे खेळाडू भारताला देणारा महाराष्ट्राचा संघ (मुंबई आणि विदर्भ यांचे संघ वेगळे आहेत) रणजी करंडक ही देशातील राज्य-संघांची स्पर्धा का जिंकत नाही, आणि ती जिंकण्यासाठी आता काय करायला हवे. आपण घेतलेली तिन्ही नावे फलंदाजांची आहेत आणि उत्तराचा निम्मा भाग त्यातच येऊन जातो. महाराष्ट्र नेहमी फलंदाज घडवत आला. चार दिवसांत समोरच्या संघाचे वीस गडी कोण बाद करणार, हा प्रश्न मात्र त्याने कधी गांभीर्याने घेतला नाही.

प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ अशी सलग दोन वर्षे आपण विजेते होतो. त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये अंतिम फेरी गाठली आणि तिन्ही वेळा हरलो. यांपैकी पहिला पराभव मला अजून सलतो. मुंबईचे वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते, तरीही उरलेल्या मुंबईने आपल्याला ४८ धावांनी हरवले.

धावांचे म्हणाल, तर विक्रमांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. १९४८-४९ च्या उपांत्य सामन्यात पुण्यात मुंबईविरुद्ध आपण ४०७ आणि ६०४ धावा केल्या आणि ३५४ धावांनी हरलो, कारण मुंबईने आपल्या गोलंदाजांविरुद्ध ६५१ आणि ८ बाद ७१४ धावा केल्या होत्या. २०१६ मध्ये वानखेडेवर स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे यांनी दिल्लीविरुद्ध ५९४ धावांची अभेद्य भागीदारी केली, आपण २ बाद ६३५ वर डाव घोषित केला, त्यावर ऋषभ पंतने ३०८ धावा काढल्या, दिल्ली ५९० पर्यंत पोहोचली आणि सामना अनिर्णित राहिला. म्हणजे त्रिशतक, द्विशतक आणि जवळजवळ सहाशेची भागीदारी करून हाती आले ते पहिल्या डावातील आघाडीचे तीन गुण. निर्णायक विजयाचे सहा असतात.

या विषयावर मी इतके लिहीत आहे, त्याला एक घरगुती कारण आहे. नव्वदच्या दशकात मी सातारा जिल्ह्यात मध्यमगती गोलंदाजी करीत असे. माझा मोठा मामेभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, पुण्यातल्या एका क्लबकडून सलामीला खेळे, आणि एका हिवाळ्यात त्याच्याच शब्दावर आमच्या संघाला तिथे दोन दिवसांच्या सामन्यासाठी बोलावणे आले. आम्ही सगळे मॅटवर, म्हणजे खेळपट्टीवर अंथरलेल्या चटईवर, वाढलेले. आमच्यात साखर कारखान्यात नोकरी करणारा एक डावखुरा वेगवान गोलंदाज होता, ज्याचा चेंडू मॅटवर टप्पा पडल्यावर असा उसळे, की आमच्याकडचे चांगले फलंदाज त्याला खेळताना एक पाय आपोआप लेगकडे काढीत. पुण्याच्या त्या टर्फवर, म्हणजे चटईविना मातीच्या खेळपट्टीवर, गवताची काडी नव्हती आणि रोलर इतका फिरवला होता की चेंडू यष्टिरक्षकाकडे कसाबसा घोट्याच्या उंचीने जाई. तरीही त्याने सकाळी दादाला दोनदा चकवले. बॅटची कड घेतलेला एक चेंडू स्लिपच्या पुढ्यातच पडला. दादाने पुढे शतक केले. चहापानाच्या वेळी आमच्या कर्णधाराने, गोलंदाजांना साथ देणारे थोडे गवत का ठेवले नाही, असे विचारले, तेव्हा यजमानांपैकी एका ज्येष्ठ गृहस्थांनी सांगितले की सामना दोन दिवस चालायला हवा आणि मुलांना धावांचा सराव मिळायला हवा. गोलंदाजही कोणाची तरी मुलेच असतात, हे त्यांना सुचले नसावे.

त्या रात्री मामांकडे जेवताना मी हा विषय काढला. दादाने भाकरी मोडत शांतपणे सांगितले, "अरे, फलंदाज घडवावा लागतो. गोलंदाज काय, लागेल तेव्हा बाहेरून आणता येतो." मामींनी विषय बदलला, आम्ही दोघांनी तो अजून बदललेला नाही. त्या डावखुऱ्याने पुढे कारखान्याची पाळी आणि टेनिस चेंडूच्या स्पर्धा यांतच आपली उमेदीची वर्षे घालवली.

ज्यांनी खरोखर करंडक जिंकला, त्यांच्याकडे पाहिले तर दादाचे वाक्य नेमके उलटे लागू पडते. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीन विजेतेपदे मिळवली. त्यांनी बाहेरून आणले ते वसीम जाफर, गणेश सतीश, करुण नायर हे फलंदाज. दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक घेणारा रजनीश गुरबानी, सौराष्ट्राविरुद्धच्या अंतिम सामन्यात अकरा गडी बाद करणारा आदित्य सरवटे आणि एका हंगामात ६९ बळींचा विक्रम करणारा हर्ष दुबे हे तिघेही विदर्भाच्याच क्रिकेटमधून वर आले. राजस्थानचेही तसेच. दीपक चहरने पदार्पणातच दहा धावांत आठ गडी बाद करून हैदराबादला २१ धावांत गुंडाळले, आणि त्या २०१०-११ च्या विजेत्या संघाचा कर्णधार कोण होता? आपला हृषीकेश कानिटकर. आपल्याकडे घडलेल्या फलंदाजाने राजस्थानला सलग दोनदा करंडक जिंकून दिला, तर आपल्या हद्दीतल्या श्रीरामपूरचा झहीर खान बडोद्याकडून खेळून २०००-०१ मध्ये विजेता झाला.

२०१३-१४ चा हंगाम याला अपवाद वाटेल, कारण त्या वर्षी केदार जाधवने १,२२३ धावा केल्या होत्या. पण आपण इंदूरला उपांत्य सामना जिंकलो तो बंगालला पहिल्या डावात ११४ धावांत बाद करून. आणि अंतिम सामन्यात ३०५ व ३६६ धावा करूनही हरलो, कारण कर्नाटकने एकाच डावात ५१५ धावा काढल्या.

तेव्हा काय करायचे? माझ्या मते नाशिक, जळगाव, जालना, सोलापूर, सांगली, कोल्हापूर अशा प्रत्येक ठिकाणी गवत राखलेल्या टर्फ खेळपट्ट्या हव्यात आणि जिल्ह्यांच्या सामन्यांत गोलंदाजाला दिवसभराची खरी षटके टाकायला मिळायला हवीत. निवडीतले राजकारण, प्रशिक्षकांचे बदल यांबद्दल पुष्कळ बोलले जाते. त्यात तथ्य नाही असे नाही, पण तो रोग प्रत्येक राज्याला आहे. समद फल्लाहसारख्या आपल्या वेगवान गोलंदाजांनी वर्षानुवर्षे खांदा झिजवला, हेही नोंदवले पाहिजे. शिवाय विदर्भाचे शेवटचे विजेतेपद केरळविरुद्ध अनिर्णित सामन्यात, वीस गडी बाद न करता, पहिल्या डावातील आघाडीवर आले, म्हणजे माझा वीस गड्यांचा नियम काही शंभर टक्के चालत नाही.

अलीकडे गुरबानी महाराष्ट्राकडून खेळू लागला, तेव्हा दादाचा मुद्दाम फोन आला, "बघ, आणला की नाही बाहेरून?" मी त्याला एवढेच विचारले, की गुरबानीची ती हॅट्ट्रिक कोणत्या संघाच्या कामी आली. त्यावर त्याने मामींच्या गुडघ्यांची चौकशी सुरू केली, जी खरे तर मी करायला हवी होती, कारण मामी त्याच्याच घरी राहतात.