बाबांसाठी रडू का येत नाही?

“मॅडम, वडील जाऊन चार महिने झाले. रडूच येत नाही. मी दगड आहे का?”

कोथरूडच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न वारंवार येतो. वडील शिस्तीचे, मोजकं बोलणारे असले की हमखास. त्यातली ही एक हकिगत, ओळखीचे तपशील बदलून.

चाळिशी ओलांडलेला आयटीतला माणूस. वडील पोलीस; बरीच नोकरी औशात, निवृत्त झाले ते सहायक फौजदार म्हणून. शेवटची काही वर्षं मुलाकडे वारज्यात.

“कसे होते बाबा?”

“प्रामाणिक. वक्तशीर. कडक.”

“हा पंचनामा झाला. आता जबाब द्या.”

तो हसला आणि मग तक्रारीच सुरू झाल्या. गणपतीत बंदोबस्त, दिवाळीत बंदोबस्त. दहावीचा निकाल ठाण्यात फोन करून कळवला तर पलीकडून नुसतं ‘बरं’. “आणि इथं आल्यावर तर कहर. रोज पहाटे उठून दाराची कडी काढून ठेवायचे. पोलीस माणूस! मी परत लावायचो. त्यावरून भांडणं.”

“किती वाजता उठायचे?”

“साडेतीनच्या सुमारास.”

औसा म्हटल्यावर माझ्या मनात पहिल्याच भेटीत काहीतरी येऊन गेलं होतं. पण उत्तर दिसत असताना तोंड मिटून बसणं, ही या व्यवसायातली सगळ्यात उशिरा जमलेली गोष्ट. मी एवढंच विचारलं, “१९९३ साली कुठं होता तुम्ही?”

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “पोलीस लाईनीत. दहा वर्षांचा होतो.”

किल्लारी औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. भूकंप. विसर्जनाचा बंदोबस्त आटोपून बाबा नुकते घरी टेकले होते. तसेच निघाले, ते नऊ दिवसांनी आले. दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं झोपेतच गेली होती. त्यातलं बाबांनी घरात काही सांगितलं नाही. फक्त एकदा आजीला म्हणाले होते, “दारं उघडायलासुद्धा सवड मिळाली नाही गं लोकांना.”

हे वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडलं आणि तो माझ्याकडे बघतच राहिला. “मॅडम, ते कडी आमच्यासाठी काढायचे.”

असेलही. आता कोण सांगणार? पण दहावीच्या ‘बरं’चा राग त्यानं काही मिळून गेला नाही, आणि तो जावा असा माझा आग्रहही नव्हता. ‘रडू यायलाच हवं’ यातला ‘च’ तेवढा मला खटकतो. राग आहे तिथं माया नव्हती, हे कुणी ठरवलं? अशा वेळी वडिलांचे गुण आठवत बसू नका. तक्रारी लिहा, सविस्तर. त्यांच्याबरोबर नोकरी केलेल्यांना गाठून विचारा. झोप-भूक मात्र महिनोन्महिने बिघडलेली असेल, तर सरळ मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. रडू अजून आलेलं नाही. पण त्यानं आईला विचारलं होतं, किल्लारीहून परत आल्यावर बाबा आधी काय बोलले?

“म्हणाले, पोरं जागी आहेत का? मग आंघोळीला पाणी मागितलं.”