गुरुजींनी फी घेणे बंद केले तेव्हा

मुलीला गुरुजींपासून कसे सोडवावे आणि मंडळात, गुरुपत्नीला व पुण्याच्या आजीला काय सांगावे, असे विचारत इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका आईंनी लिहिले आहे : "मुलगी सत्तावीस वर्षांची, सज्ञान, त्यामुळे आम्हाला बोलायची चोरी. गाण्याचे गुरुजी एक्कावन्न वर्षांचे, विवाहित. वर्गात सर्वांदेखत ते तिचा पाणउतारा करतात आणि रात्री दोन वाजता फोनवर, तुझ्यावाचून जगू शकत नाही, म्हणून रडतात. तिने नोकरी अर्धवेळ केली, मैत्रिणी तोडल्या, आणि वर्षभर ती घरात गायलेली नाही."

ताई, शेवटचे वाक्य वाचून पोटात कालवले. पण माझी नजर अडकली ती तुम्ही अभिमानाने लिहून गेलेल्या एका ओळीवर : "तीन वर्षांपूर्वी त्यांनी फी घेणे बंद केले, म्हणाले, ही मला मुलीसारखी." दोष त्यांचाच आहे, यात शंका नको, तरीही त्या दिवशी पेढे वाटण्याऐवजी तुम्ही सावध व्हायला हवे होते.

माझे फीचे पुराण नेहमीच्या वाचकांना पाठ झाले असेल. फी देणारी शिष्या तास संपला की चप्पल घालून घरी जाऊ शकते. ऋणात शिकणारीला तास कधी संपला हेच कळत नाही. मग तंबोरे उचलणे, विमानतळावर पोहोचवणे, कार्यक्रमाची तिकिटे खपवणे हे सारे सेवेच्या नावाखाली जमा होते. त्यातून ज्या तोंडाने षड्ज कच्चा ठरायचा त्याच तोंडातून प्रेमाचा शब्द यायचा असला, तर सूर नीट लागला की माणूसही नीट वागेल, असे मुलीला वाटू लागते, आणि ती आणखी रियाज करते.

माझ्या थोरल्या बहिणीचे दादरला हेच झाले. चोविसाव्या वर्षी गंडा बांधून ती एका बुवांची शिष्या झाली, बुवांनी फी नाकारली, वडिलांना आकाश ठेंगणे झाले. पुढे बुवांनी त्याला प्रेम म्हटले, आणि तिने दुसरीकडे गायचे ठरवताच कृतघ्नपणा म्हटले. आज ती पंचाहत्तरीला आली आहे आणि तंबोरा गवसणीतच आहे. उलट हॅरोला माझ्या नातवाचे तबल्याचे मास्तर महिना उलटला की फीची आठवण करतात. सून त्यांना चिकट म्हणते, मला ते देवमाणूस वाटतात.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाणे गुरूच्या मर्जीतून वर्ग, अभ्यासक्रम व परीक्षा यांत आणण्याची वाट घातली. आपण मात्र इथे येऊन, गावाच्या ओढीने, भाड्याच्या हॉलमध्ये शनिवारपुरते गुरुकुल पुन्हा मांडतो. ऑक्सफर्ड विद्यापीठाने एप्रिल २०२३ पासून शिक्षकांना आपल्या जबाबदारीतल्या विद्यार्थ्यांशी जवळिकीचे संबंध ठेवण्यास मनाई केली, मग विद्यार्थी सज्ञान का असेनात. आपल्या शनिवारच्या वर्गाला असा नियम लावणारे कोणी नाही.

तेव्हा "त्यांना सोड" असे तिला म्हणू नका. ती त्यांचीच बाजू घेईल. तिने या महिन्यापासून प्रत्येक तासाची फी स्वतःच्या पगारातून बँकेमार्फत द्यावी आणि रकमेपुढे "गाण्याची शिकवणी" एवढेच लिहावे, असे सुचवा. गुरुजींनी ती मुकाट्याने घेतली तर ठीक. अपमान मानून आकांडतांडव केले, तर ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. शेजारच्या गावात दुसऱ्या कोणाकडे आठवड्याचा एक तास सुरू झाला तर फारच उत्तम.

मंडळातले लोक गणपतीपासून दिवाळीपर्यंत बोलतील आणि विसरतील. गुरुपत्नीला सांगायला तुम्ही जाऊ नका. पुण्याच्या आजीला काय सांगायचे ते मुलगीच ठरवील. मात्र धमकी, पाळत किंवा पैशांवर ताबा असे काही असेल, तर फीचा विषय बाजूला ठेवून आधी पोलिसांकडे जा. जोडीदारावर सततचा दबाव व नियंत्रण ठेवणे हा इंग्लंडमध्ये डिसेंबर २०१५ पासून गुन्हा आहे.

पहिली फी गेल्यावर काय उत्तर आले, ते मला अवश्य कळवा.